सफियाचा पहिला प्रश्न

सफिया मुकादम नेरूळला डॉक्टर निशांत गद्रे यांच्या दवाखान्यात रक्त तपासायची. मूळची उरणची. मागच्या खोलीत एक सूक्ष्मदर्शक, एक स्टूल आणि खडखडणारा पंखा. शहाण्णव साली बांधकामांच्या टाक्यांत डास झाले आणि सेक्टरभर मलेरिया पसरला, तेव्हा ती दिवसाला साठ-साठ काचपट्ट्या बघायची. काही दिसलं नाही तर लगेच तसं लिहायची नाही. पट्टी पुन्हा पहिल्यापासून सरकवायची.

डॉक्टरांनी त्याच वर्षी इंटरनेट घेतलं होतं. दुपारी मोडेम किरकिरला की ते सुरत, दिल्ली, वेल्लोरच्या डॉक्टरांच्या ई-मेल ग्रुपवर पेशंटांची हकीकत लिहीत, कुठल्या औषधाने ताप उतरतो ते विचारत. पडद्यावर नुसती अक्षरं. म्हणून पट्टीवर काय दिसतं ते सफिया तोंडाने सांगायची, डॉक्टर टाइप करायचे.

माझी नऊ वर्षांची गीतांजली तापली तेव्हा तिची पट्टी कोरी निघाली, मलेरियाचे जंतू दिसले नाहीत. चौथ्या दिवशीही ताप एकशे तीन. डॉक्टरांनी ग्रुपवर विचारलं. दुसऱ्या दिवशी तीन उत्तरं आली, तिन्हींत टायफॉइडचा संशय.

"वहिनी, आजपासून त्याची इंजेक्शनं सुरू करू," डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली.

"भाभी, जरा आत या," सफियाने मागच्या खोलीतून हाक मारली. मी आत गेल्यावर तिने दार लोटलं. "रक्त घ्यायच्या आधी गोळी दिलेली काय?"

"कसली?"

"मलेरियाची. कडू. लपवू नका, पोरीच्या जिवाचा सवाल आहे."

ह्यांच्या तापातल्या दोन गोळ्या कपाटात उरल्या होत्या, त्या मी दिल्या होत्या. तपासणीआधी गोळी देऊ नये, ही डॉक्टरांची सूचना सोसायटीच्या फळ्यावर लिहिली होती. अक्षर चांगलं म्हणून मीच लिहिली होती. मी ते सगळं सांगितलं.

"तुमी बी.ए. ना?"

"हो."

"वाटलंच. अंगठेवाल्या पटकन सांगून टाकतात."

दोन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, फक्त कमी होतात. मग पट्टीवर सापडत नाहीत. तिने डॉक्टरांना थांबवलं. संध्याकाळी ताप चढत असताना गीताचं बोट पुन्हा टोचलं आणि सफिया सूक्ष्मदर्शकापुढे स्टूलवर बसली. मी दारात उभी. तासाभराने ती मान वर न करता म्हणाली, "आहेत."

मलेरियाचं औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी गीताने वरणभात मागितला.

डॉक्टरांनी ग्रुपवर दुरुस्ती पाठवली : आईने आधी दोन गोळ्या दिल्या होत्या. मी शेजारी बसून ते वाक्य उमटताना पाहिलं.

"भाभींचं नाव घालू नका हां, डॉक्टर," सफिया म्हणाली.

आठवड्याने दिल्लीच्या एका डॉक्टरांचं उत्तर आलं. पट्टी कोरी निघालेल्या अकरा मुलांच्या आयांना त्यांनी तोच प्रश्न विचारला होता. सात जणींनी गोळी दिली होती. सफियाने ते मला दोनदा वाचून दाखवलं. मग दवाखान्याच्या सगळ्या कोऱ्या फॉर्मांवर, पेशंटच्या नावाच्याही वर, तिने फूटपट्टी धरून एक ओळ आखली आणि लिहिलं : गोळी घेतली का?

अजूनही मी गीताला घेऊन गेले आणि नाव लिहायला पेन उचललं, की सफिया आधी त्या ओळीवर बोट ठेवते.