गुळगुळीत रस्ता
"अहो, वाटेवरचं परकं माणूससुद्धा तुम्ही गाडीत घेता, मग मीच काय घोडं मारलंय?" बायकोने वाटाण्याच्या शेंगांचं टोपलं आपटलं. "उद्या बहिणीकडे जायचंय, नवऱ्याची बस दारावरून जाते, आणि मी दुसऱ्या गाडीची वाट बघत उभी राहू?"

"दुसरी रिकामी असते. पाय पसरून बसाल दोघी," ड्रायव्हर म्हणाला.

"पाय पसरायला घर आहे की! आणि पोरीला आजोबांच्याच मागे बसायचंय."

"मला हॉर्न वाजवायचाय," नात दाणे चघळत म्हणाली.

"एकदा नाही म्हटलं ना!"

तो एवढ्या जोरात ओरडला की सून आतून धावत आली. ओरडून झाल्यावर त्याचे हात कापायला लागले. ते त्याने मांड्यांखाली दाबून धरले.

सगळा रस्ता त्याला मामा म्हणायचा. दोन गावांमधली ती बस त्याने अर्धं आयुष्य चालवली होती. मामा झोपेतही गाडी वेळेवर पोचवतील, अशी लोक चेष्टा करत. त्यात फारसं खोटं नव्हतं. गेली काही वर्षं ऊन कललं की त्याच्या डोळ्यांपुढचा रस्ता विरघळायला लागायचा. चष्मा बदलून झाला, थेंब घालून झाले. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतला पडदाच झिजतोय, आता गाडी सोडा. हे त्याने घरात कुणाला सांगितलं नाही. डोळे दगा देत होते, पण बूड शाबूत होतं. एक दणका बसला की पूल आला. लागोपाठ दोन हादरे म्हणजे शाळेचं वळण. डावं चाक खोल गेलं की गिरणीचा थांबा, ब्रेक मारायचा. अख्खी बस खड्ड्यांना शिव्या घालायची, तेव्हा हा एकटा मनातल्या मनात त्यांच्या पाया पडायचा.

मग रस्ता रुंद झाला. हायवे नुसता आरसा. लोक म्हणाले, मामा, आता तुमची मजा आहे! मामाला मात्र ते खड्डे हवे होते. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी सरकायची आणि आपण कुठे आलोय तेच त्याला कळायचं नाही. गिरणी दोनदा मागे राहिली. तो हसून म्हणाला, रस्ताच थांबू देत नाही, काय करू? बस हसली.

काल दिवस मावळताना कडेला एक पांढरा मैलाचा दगड दिसला. त्याने वेग कमी केला नाही. दगडासाठी कोण करतं? तेवढ्यात दगड हलला.

"मामा, पोरी!" कंडक्टर किंचाळला.

ब्रेक लागला तेव्हा शाळेच्या पांढऱ्या गणवेशातल्या मुली बसच्या तोंडाशी, एकमेकींना बिलगून उभ्या होत्या. मामांनी मुद्दाम घाबरवलं असं वाटून त्या खिदळल्या, हात हलवत पळाल्या. त्या हसण्यानेच त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटला. कंडक्टरने पाणी दिलं, म्हणाला, "थकलात मामा." उरलेला रस्ता तो बैलगाडीच्या चालीने आला.

"बोला की," बायको पुढ्यात येऊन बसली. आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं. "गाडीत काही बिघाड आहे का?"

त्याने तोंड दाराकडे फिरवलं.

"असेल तर तसं सांगा. शेजारीण उद्या तिच्या लेकीला दवाखान्यात नेतेय तुमच्याच बसने. दिवस भरलेत पोरीचे. तिला तरी सांगून येते, बाई, दुसऱ्या गाडीने जा."

ती उठलीसुद्धा. स्वतःची नात त्याने आज सुट्टीच्या दिवशी सकाळपासून अडवून धरली होती, आणि ती दिवस भरलेली पोर त्याच्या ध्यानातही आली नव्हती.

"थांब. गाडीला काही झालेलं नाही."

"मग?"

डेपोच्या बाकावर दिवसभर बसून राहणारा जुना ड्रायव्हर त्याला आठवला. येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो म्हातारा हात करायचा. मामाने मांड्यांखालून हात काढले. ते अजून कापतच होते आणि आता सगळे ते बघत होते.

"मला दिसत नाही," तो म्हणाला. "उद्यापासून मी गाडी चालवणार नाही. आत्ताच डेपोत सांगून येतो. सूनबाई, तू चल बरोबर, परतताना अंधार होईल."