तो म्हणतो ते बराबर

मी मोटारसायकलच्या रेस खेळतो असं सेनगावात पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "म्हंजे सवाऱ्या कुठल्या गावच्या मारतोस?" म्हटलं, सवारी नसते काकू, एकटाच बसतो. तर म्हणाल्या, "मंग तेवढं पेट्रोल काहून जाळून राहिला?" मातीच्या ट्रॅकवर पंधरा-वीस धडधाकट माणसं एकमेकांच्या तोंडावर चिखल उडवत, उंचवट्यांवरून उड्या मारत दहा चकरा मारतात आणि जिथून निघाली तिथंच परत येतात. हे कुणाला नीट समजावायला बसलं की सांगणाऱ्यालाच आपण येडे असल्याची शंका यायला लागते. मी समजावणं सोडून दिलं.

आमचं घर मेंढरांचं. वडील आणि चुलते कळप घेऊन रानात असायचे आणि त्यांना भाकरी पोचवायचं काम माझं. गाडी जुनीपुराणी, वाट नाहीच. नांगरट, बांध, ओढा, पुन्हा नांगरट. भाकरी गरम पोचली पाहिजे असा वडिलांचा हट्ट, आणि थंड झाली तर त्यांच्या तोंडाला लगाम नसायचा. त्या शिव्यांच्या धाकानं मी गाडी शिकलो. पुढं सेनगावात गॅरेज टाकलं, एक रेसची गाडी हळूहळू जमवली आणि कोल्हापूर, नाशिक, पुणे करत फिरायला लागलो. माझा स्वभाव तापट आहे असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही, पण सगळे म्हणतात म्हणून राग येतो.

अशा माझ्या नशिबी डोंगरकडा गावचा तो आला. हिंगोली जिल्ह्यातून रेस खेळणारे आम्ही दोघंच, आणि दोघंही एकाच गटात. ट्रॅकवर आम्हाला नावानं कुणी ओळखायचंच नाही. माइकवाला ओरडायचा, "सेनगाव पुढे! डोंगरकडा मागे!" आणि पुढच्या उंचवट्यावर लगेच उलटं. पहिल्याच रेसमध्ये त्यानं वळणावर माझ्या शेजारी गाडी आणली आणि हेल्मेटच्या आतून शांतपणे ओरडला, "जरा सरकून घे ना भाऊ!" अरे, रेस आहे का एसटीतलं सीट? मी इतका भडकलो की पुढचं वळण घ्यायचंच विसरलो आणि सरळ टायरांच्या ढिगात घुसलो.

पण लांब जायचं तर पिकअप भाड्यानं घ्यावी लागते आणि एका गाडीसाठी अख्खी पिकअप परवडत नाही. म्हणून आम्ही दोघांच्या गाड्या एकाच पिकअपमध्ये टाकून न्यायचो. मधे जाड दोरी. अलीकडे त्याची गाडी, पलीकडे माझी. त्यानं माझ्या टायरमधली हवा किती ते बघू नये म्हणून मी व्हॉल्व्हवर फडकं बांधायचो. अर्धी वाट सरेपर्यंत आम्ही एक अक्षर बोलायचो नाही. मग तो डबा उघडायचा. त्याची आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती दोन डबे द्यायची आणि दुसऱ्यावर चिठ्ठी असायची, "सेनगावच्या लेकराला". आता दुश्मनाच्या घरचा डबा खायचा म्हणजे केवढी नामुष्की! पण तिच्या हातचा ठेचा लय जबर होता. मी खिडकीकडं तोंड करून खायचो.

नाशकात रेसच्या आधी माझ्या क्लचची लिव्हर मोडली. दुसरी नव्हती. डोकं धरून बसलो होतो तर यानं स्वतःच्या पेटीतून लिव्हर काढून माझ्या मांडीवर टाकली. मी ती बसवली, रेसमध्ये उतरलो, आणि शेवटच्या चकरेत त्यानंच मला मागं टाकलं. मी पिकअपपाशी त्याच्या अंगावर गेलो. "हरवायचंच व्हतं तं लिव्हर काहून देलीस?"

तो हसत म्हणाला, "लिव्हर देली नसती तं हरवलं कुणाला असतं?"

ह्या माणसाशी भांडणसुद्धा धड करता यायचं नाही.

चार सीझन असे गेले. चौथा संपत आला तेव्हा एका मोठ्या कंपनीच्या टीमच्या मॅनेजरनं आम्हाला दोघांनाही बाजूला घेतलं. टीममध्ये एकच जागा रिकामी होती. कंपनीची गाडी, कंपनीचा मेकॅनिक, नवे टायर, आणि पोटापाण्याची चिंता न करता नुसती रेस खेळायची. "सीझनच्या शेवटी तुमच्या दोघांपैकी जो वर असेल, तो आमचा," असं त्यांनी साफ सांगितलं. गुणांमध्ये डोंगरकडा माझ्यापेक्षा थोडा वर होता. एकच फेरी उरली होती. त्याला हरवून मी पहिला आलो तर जागा माझी. तो पहिला आला, किंवा आम्ही अगदी बरोबरीत सुटलो, तर त्याची. मला ती जागा हवी होती. माझं वय तिशीकडं झुकलेलं, गॅरेजच्या जिवावर आणखी एक सीझन निघाला नसता. असली संधी आपल्याकडं परत येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि ही शेवटची फेरी नेमकी आमच्या हिंगोलीतच ठरली. मग काय विचारता! सेनगाव रिकामं झालं, डोंगरकडा रिकामं झालं. जीप भरभरून माणसं आली. आमचे कुरुंद्याचे मामा आले. मामांची हळदीची शेती. आमच्याकडं देवाच्या जत्रेत भंडारा उधळतात, म्हणजे हळदीची पूड मुठीमुठीनं वर फेकतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मामा मुठीचा माणूस नाही. त्यांनी घरच्या हळदीची दोन पोती आणली होती. म्हटलं, मामा, ही जत्रा न्हाई, रेस हाय. मामा म्हणाले, "भाचा पयला येऊन राहिला अन् मी चिमूटभर उधळू का? तू गाडी बघ."

ट्रॅकवर टँकरनं पाणी मारणाऱ्यानं हात सैल सोडला होता, त्यामुळं जिकडंतिकडं चिखल. वेळ मोजायचं मशीन सकाळीच रुसलं, म्हणून शेवटच्या रेघेवर एक कॅमेरा आणि एक झेंडेवाला, एवढ्यावर निकाल ठरायचा होता. मला त्याची फिकीर नव्हती. पहिल्या चकरेपासून आम्ही दोघं बाकीच्यांच्या पुढं निघालो. मी पुढं, तो माझ्या मागं, आणि माझ्या मागच्या चाकाचा सगळा चिखल त्याच्या तोंडावर. आठव्या चकरेला त्यानं बरबटलेला गॉगल काढून फेकून दिला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू?

शेवटच्या वळणावर मी किंचित बाहेर गेलो आणि तो आतून घुसला. हँडलला हँडल घासलं. सरळ पट्ट्यात दोघं शेजारी शेजारी. मी मान वळवून पाहिलं. त्याचे डोळे चिखलानं जवळजवळ मिटले होते. नुसत्या इंजिनाच्या आवाजावर चालवत होता बेटा. आणि त्याचं पुढचं चाक माझ्या चाकाच्या वीतभर पुढं होतं. एवढं मी पाहिलं आणि त्याच क्षणी रेघेवर मामांनी दोन्ही पोती रिकामी केली.

सगळं पिवळं. आकाश पिवळं, माती पिवळी, मी पिवळा. झेंडेवाला शिंका देत खाली बसला होता. कॅमेऱ्यातलं चित्र आम्ही नंतर पाहिलं. त्यात सुंदर पिवळा रंग होता, दुसरं काही नव्हतं. मामा मात्र नाचत होते, आणि माझ्या गावानं मला खांद्यावर घेतलंसुद्धा.

पंचांनी आम्हाला दोघांनाच तंबूत बोलावलं. पंच पुण्याचे, वयस्कर, शुद्ध बोलणारे. म्हणाले, "कॅमेऱ्यात काही दिसत नाही. तुम्हा दोघांचं एकमत झालं तर मी तसा निकाल देईन. नाही झालं तर बरोबरी. कोण पुढे होतं?"

आधी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "मी."

एकच अक्षर. ते कसं निघालं मला माहीत नाही असं आता म्हणता येईल, पण मला चांगलं माहीत आहे. मला ती जागा पाहिजे होती, म्हणून निघालं.

पंच डोंगरकड्याकडं वळले. तो ओल्या रुमालानं डोळे पुसत होता. हळदीनं त्याचे डोळे लालभडक झाले होते. म्हणाला, "मला तं काईच दिसलं न्हाई, सायेब. तो म्हणतो ते बराबर."

"बरोबर," पंच म्हणाले आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "दोघे बरोबरीत."

बरोबरी म्हणजे जागा त्याची. बाहेरच्या गोंगाटात पंचांना त्याचं 'तो म्हणतो ते' ऐकूच आलं नव्हतं, शेवटचा 'बराबर' तेवढा पोचला होता. 'बराबर' म्हणजे खरं, आणि 'बराबर' म्हणजे सोबतसुद्धा. पंचांना वाटलं, हा म्हणतोय आम्ही सोबतच आलो. डोंगरकड्यानं नुसतं गप्प बसायचं होतं. काही करायचं नव्हतं, काही खोटं बोलायचं नव्हतं. पंचांनी स्वतःच्या चुकीनं जागा त्याच्या पदरात टाकली होती.

"न्हाई न्हाई, सायेब," तो घाईनं पुढं झाला. "बरोबरीत न्हाई. बराबर. म्हंजे ह्याचं खरं हाय. हाच पुढं व्हता."

पंचांनी पेन थांबवलं. "तुम्हाला तर दिसलं नाही म्हणता. मग खरं कशावरून?"

"कोल्हापुरात ह्यानं मला गवताच्या गंजीत घातलं व्हतं सायेब. मी इचारलं, मुद्दाम केलं का? व्हय म्हणला, मुद्दाम. तोंडावर. भांडखोर हाय लय, शिव्या देतो, पण खोटं न्हाई बोलत." आणि त्या लाल डोळ्यांनी माझ्याकडं बघून म्हणाला, "काय रे?"

असा संताप आला मला! स्वतःचा यायला पाहिजे होता, पण आला त्याचा. असा विश्वास कुणी ठेवतं का माणसावर? तेही माझ्यासारख्यावर? मी ओरडलोच त्याच्यावर. "काहून म्हणलास बराबर? तुला कुणी सांगितलं व्हतं? खोटं बोललो ना मी! तुझं चाक पुढं व्हतं, डोळ्यांनी पाहिलं मी!"

पंचांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. डोंगरकडा रुमाल हातात धरून उभा होता. त्याला जागा मिळाली होती, पण चेहऱ्यावर आनंद काही दिसेना. त्यानं विचारलं, "किती?"

मी अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली.

तो माझ्या हाताकडं बघत राहिला. "एवढ्यासाठी?" म्हणाला.

मी "व्हय" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आयुष्यात तेवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाहेर येऊन मी गावाला सांगितलं की डोंगरकडा पहिला. मामांना आधी खरंच वाटेना. मग पंचांनी माइक हातात घेतला. त्यांनी आतलं सगळं सांगितलं नाही, भला माणूस. एवढंच सांगितलं की सेनगावच्या रायडरनं स्वतः पुढं येऊन प्रतिस्पर्ध्याचा विजय कबूल केला, कॅमेरा साक्षीला नसताना. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शेजारच्या काकूंनी पदर डोळ्याला लावला. आयोजकांनी तिथल्या तिथं एक ढाल काढली आणि माइकवाल्यानं घसा फाडून पुकारलं, "खिलाडूवृत्तीचं खास बक्षीस! सेनगाव!"

मी वर गेलो, ढाल घेतली, फोटो निघाले. समोर डोंगरकडा उभा होता, आणि तोही टाळ्या वाजवत होता.

गर्दी पांगल्यावर मी त्याच्याकडं गेलो. तो आपल्या गाडीच्या चाकातला चिखल काटकीनं काढत बसला होता. मी ढाल त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणालो, "ही तुझी हाय. तुला बी माहीत हाय, मला बी."

त्यानं ती उचलली, वर पेननं लिहिलेलं 'खिलाडूवृत्ती' अक्षर न् अक्षर वाचलं, बाहीनं तिच्यावरची हळद पुसली आणि परत माझ्या हातात दिली.

"ठेव तुझ्याकडं," तो म्हणाला. "मला काय करायची? तुला लागंल."