मालिकेवर टाकलेला आकडा

वीज कार्यालयात तक्रारी येतात आणि कधी ना कधी निकाली निघतात. किस्से मात्र निकाली निघत नाहीत, साचत जातात. मी धुळे जिल्ह्यातल्या अशाच एका लहान कार्यालयात बिलाच्या खिडकीवर बसते. खिडकीबाहेर लोक भांडतात, आत आमची माणसं गप्पा मारतात, आणि मधे मी. त्यामुळे दोन्हीकडचा माल माझ्याकडेच जमा होतो.

आमच्याकडे एक शब्द फार चालतो, आकडा. तारेवर हूक टाकून फुकट वीज ओढायची, तो आकडा. तो पकडायला आमचं पथक जीप घेऊन गावोगाव फिरतं आणि संध्याकाळी घरी येऊन फुकटात उतरवलेल्या मालिका बघतं. त्यालाही आम्ही आकडाच म्हणतो. "सध्या काय बघताय?" असं इथे कोणी विचारत नाही. "सध्या कुठे आकडा टाकलाय?" असं विचारतात.

*

आमचे मुख्य पुरवठादार सलीमभाई, म्हणजे पथकाच्या जीपचे ड्रायव्हर. पेनड्राइव्ह त्यांच्याकडे द्यायचा आणि "भरून द्या" म्हणायचं, बस. गिरणीत डबा ठेवून यावं तसा आमचा सगळा कारभार.

एकदा एका गावात किराणा दुकानदाराला पथकानं पकडलं. दुकानातला फ्रीजसुद्धा आकड्यावर. पंचनामा चालू होता. दुकानदार बिचारा मान खाली घालून जीपला टेकून उभा होता. आत डॅशबोर्डवर सलीमभाईंचा मोबाईल, त्यावर कालच आलेली मालिका, आणि मालिकेच्या कपाळावर जुगाराच्या जाहिरातीची पट्टी. दुकानदारानं ती नीट पाहिली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, हाई कोनती लाईनवरथून घेयेल शे?"

पंचनामा लिहिणाऱ्याचं पेन तिथेच थांबलं.

*

पंचनामा लिहिणारे ते साहेब म्हणजे आमचे तरुण इंजिनिअर. पुण्याचे, सरळमार्गी. यांच्याकडे सगळी ॲप्स पैसे भरून घेतलेली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला सुनावलं होतं, "चोरी ती चोरी. तार असो नाहीतर नेट."

आम्ही माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतं?

पुढे एका मालिकेनं साहेबांनाही वेड लावलं. पहिला सीझन एका ॲपवर सापडला. दुसरा दुसऱ्यावर, म्हणून तेही घेतलं. तिसऱ्यासाठी अख्खी जेवणाची सुट्टी शोधाशोध केली, तर उत्तर आलं, तुमच्या भागात उपलब्ध नाही. साहेब डबा न खाता बसून राहिले. मग खिडकीतून बाहेर जीपकडे बघत हळूच म्हणाले, "सलीमभाई, तिसरा..."

"आपके लिए कब से भरके रखा है, साहेब," सलीमभाई म्हणाले.

साहेबांनी तो पेनड्राइव्ह घेतला. चोरीवरचं भाषण मात्र त्यानंतर ऑफिसात कधी झालं नाही.

*

ऑफिसात झालं नाही, पण बाहेर करावं लागलं. एका कॉलेजात वीजचोरीवर व्याख्यान होतं. साहेबांनी रात्रभर जागून स्लाइड केल्या होत्या. गडबडीत स्लाइडचा पेनड्राइव्ह राहिला घरी आणि खिशातून निघाला तो सलीमभाईंचा. पोरांसमोर मोठ्या पडद्यावर तिसरा सीझन सुरू झाला, जुगाराच्या पट्टीसकट. प्राचार्यांना वाटलं, ही प्रस्तावना असेल. ते अर्धा भाग शांतपणे बघत बसले.

साहेबांच्या व्याख्यानाला इतक्या टाळ्या त्याआधी पडल्या नव्हत्या आणि नंतरही पडल्या नाहीत.

*

फुकटच्या मालात खोट निघणारच. एकदा सलीमभाईंनी आणलेली मालिका निघाली तमिळमध्ये. परत कोण करणार? आम्ही तशीच बघितली. जेवताना रोज चर्चा, हा तिचा भाऊ असेल की नवरा, आणि तो म्हातारा एवढा का रडतो. शेवटी सर्वांनी मिळून एक गोष्ट ठरवली आणि तिच्यावर समाधान मानलं. मला तर तो शेवट आठवून दोन दिवस वाईट वाटत होतं.

पुढे हिंदीतली मिळाली. म्हातारा रडत नव्हता, त्याला सर्दी झाली होती. आमची गोष्ट जास्त चांगली होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

*

चाळीसगावच्या माझ्या बहिणीनं मात्र पैसे भरून ॲप घेतलं. चांगली बाई आहे. तिनं पासवर्ड दिला लेकीला, लेकीनं दिला सासूला, सासूनं दिला भिशीच्या ग्रुपवर. एका रविवारी बहीण चहा घेऊन टीव्हीसमोर बसली, तर पडद्यावर सूचना, या खात्यावर आधीच खूप माणसं बघत आहेत.

तिनं मला फोन केला. "ताई, घर माझं, आणि मलाच दारात उभं केलंय गं."

मी सलीमभाईंचा नंबर दिला.

*

या सगळ्यापासून अलिप्त होते ते एकटे नाना. नाना आमचे सर्वांत जुने लाईनमन. स्वतःच्या सख्ख्या साडूचा आकडा त्यांनी स्वतःच्या हातानं कापलेला आहे. फुकटच्या मालिकेला ते हात लावत नसत.

नानांच्या आईला अख्खं गाव अक्का म्हणतं. अक्का पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, चालवा, नाहीतर कायमच्या अंथरुणाला खिळतील. अक्का काही उठायला तयार नव्हत्या. मग नानांनी टीव्ही ओसरीत नेऊन ठेवला. मालिका बघायची तर वॉकर धरून यायचं. अक्का कण्हत, शिव्या देत रोज ओसरीत येऊ लागल्या. आणि तेवढ्यात चॅनेलवाल्यांनी ती मालिका बंद केली. उरलेले भाग म्हणे फक्त ॲपवर.

अक्का पुन्हा खाटेवर आडव्या झाल्या, त्या उठेचनात. नानांचा चेहरा बघवत नव्हता.

सलीमभाई म्हणाले, "नाना, मैं भरके देता हूँ." नाना नाही म्हणाले. माय चालली पाहिजे, पण चोरीच्या मालावर नको. ते पैसे भरायला निघाले. कार्ड चालेना. चाललं तर ओटीपी येईना. ओटीपी आला तो बंद पडलेल्या नंबरवर. मदतीच्या नंबरला फोन केला, तर एक बाई त्यांना एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिली. नाना तिला आपल्या आईचं दुखणं सांगत राहिले. शेवटी माझ्या खिडकीशी येऊन मटकन बसले.

"ताई, तीस वरीस व्हयनात आकडा पकडी राहिनू. आज समजनं, लोके चोरी कसाले करतस. पैसा भरनं जास्त कठीन शे."

शेवटी साहेबांनी स्वतःच्या कार्डावरून पैसे भरले आणि नानांच्या घरी जाऊन टीव्हीला मोबाईल जोडून दिला. साहेबांच्या सोडल्या तर आमच्या कार्यालयाच्या इतिहासातली ती पहिली सचोटीची मालिका. अक्का पुन्हा उठल्या म्हणून नानांनी सगळ्यांना पेढे वाटले.

*

त्यानंतर काही दिवसांनी नानांच्या गावाजवळ मीटर तपासणी होती. मीही जीपमध्ये होते. दुपारी नाना म्हणाले, घरीच जेवा. गावात शिरलो तर लाईट नव्हती. गावाचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळालेला, शेतीची लाईन तेवढी चालू. पिठाची गिरणी बंद, पंखे बंद, माणसं कडुनिंबाखाली.

नानांच्या ओसरीत टीव्ही चालू होता. समोर अक्का आणि गल्लीतल्या साताठ बाया.

"नाना, इन्व्हर्टर घेतलात?" साहेबांनी विचारलं.

 टीव्हीची वायर धरून नाना घरातून मागच्या दारी गेले, आम्ही त्यांच्या मागे. वायर परसातून वर शेतीच्या तारेपर्यंत गेली होती आणि तारेवर आकडा लटकत होता. खाली भिंतीला बांबू टेकून ठेवलेला.

नाना तडक ओसरीत आले. "अक्का, कोनी टाका हाऊ?"

"मीच टाका," अक्का टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "शेवटला भाग शे. लाईट गयी, मंग काय करू?"

"तू? तू मांगलदारलोंग चालत गयी?"

"मंग काय उडत गवू? तू नोकरीले लागना त्याना पहिले रोज मीच टाकू ना. ज्या उजेडमा तू शिकना, तो काय बिल भरीसन येये?"

नानांनी खिशातून पक्कड काढली होती. ती हातातच राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, रागाचं की कशाचं ते त्यांनाही कळत नसावं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. सलीमभाईंनी साहेबांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"मालिकाना पैसा भरेल शे ना?" अक्का म्हणाल्या. "मंग बठा खाले. दहाच मिनिट राही गयात."

साहेबांनी बूट काढले, बायांच्या मागे जागा बघून मांडी घातली आणि म्हणाले, "अक्का, आवाज जरा वाढवा."