माझ्या ठोकळ्यावर तुझा ठोकळा

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकपर्यंत पोचलं नव्हतं. वडील सुतार. चौथी झाल्यावर त्यांनी माझ्या हाती रंधा द्यायचं ठरवलं, तेव्हा आत्या दारात उभी राहून म्हणाली, "रंधो खंय पळान जाता काय? आधी त्याका शिकूक दी." त्या बोलण्याच्या जोरावर मी पुढे बी.ए. झालो.

आत्या लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी आली होती. दिवसभर कामात असे. संध्याकाळी मात्र वडिलांच्या कामातून उरलेले लाकडाचे तुकडे टोपलीत घालून आणी आणि आम्ही दोघं पडवीत त्यांचा मनोरा बांधायला बसू. नियम तिचाच होता. आपला ठोकळा आपल्याच ठोकळ्यावर ठेवायचा नाही. माझ्यावर तिचा, तिच्यावर माझा. त्यामुळे हा खेळ एकट्याला खेळताच येत नसे. हायस्कूलसाठी मी तालुक्याच्या गावी गेलो आणि तो सुटला.

नोकरीसाठी मुंबईत आलो ते लालबागच्या एका चाळीत, गावकीच्या खोलीत. खोली आमच्या गावच्या मंडळाची. राहणारे सगळे गिरणीकामगार. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून एकाची वळकटी उचलली की त्याच जागी दुसऱ्याची पसरायची. फोर्टातल्या कचेरीत जाणारा कारकून मी एकटाच. सगळे माझ्याहून मोठे, तरी मला 'साहेब' म्हणत. खोलीतले सर्वांत वडील नाना तर मी आलो की विडी विझवून टाकत. जेवताना चाललेली थट्टा मला पाहून थांबे. कुणी वाईट वागत नव्हतं. पण इतक्या माणसांत मी कुणाचाच नव्हतो आणि ते मला सोसेना. गावाकडच्या शाळेत मास्तरची जागा निघणार असल्याचं वडिलांनी कळवलं होतं. अर्ज करून परत जावं, असं मनात पक्कं होत चाललं होतं.

अशात एकदा खाणावळीत जेवायला लवकर पोचलो. खाणावळवाल्या काकू वखारीतून लाकडाचे तुकडे पोत्याने आणवत, चुलीसाठी. त्यांच्या हातात सागवानाचा छान चौकोनी तुकडा होता.

"काकू, तो जाळू नका," मी एकदम म्हणालो.

"मग काय भातासोबत वाढू?"

तरी त्यांनी दिला, वर आणखी पिशवीभर दिले. मी ते काचकागदाने घासले. लाकडाचा तो वास हाताला लागला आणि मला दुसरं काही सुचेना. डाव्या हाताचा एक खेळाडू, उजव्या हाताचा दुसरा, असं करून पाहिलं. पण डावा काय करणार ते उजव्याला आधीच ठाऊक! गंमत येईना.

मग सोबती शोधू लागलो. कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, "लग्न कर लेका. ठोकळेही येतील घरात आणि खेळणारेही." खोलीतल्या एकाला विचारलं, तर तो संकोचला. "आमच्या हातून पडला तर, साहेब?" दुसरा कसाबसा तयार झाला. चार थर चढले नाहीत तोच पाळी सुटलेला गडी दारात उभा. "साहेब, जरा उचला. पाठ टेकायचीय." जागा त्याच्या हक्काची होती. मी ठोकळे पिशवीत भरले.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. सभा, मोर्चे, हरताळ. एकदा गिरण्या बंद झाल्या आणि वर संचारबंदी लागली. सगळ्या पाळ्यांची माणसं खोलीत एकाच वेळी आली, असं मी प्रथमच पाहिलं. आडवं व्हायला कुणालाच जागा नव्हती. सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. खाली रस्ता सुनसान, मधूनच पोलिसांची गाडी जाई. दुपार सरता सरेना.

नाना म्हणाले, "साहेब, ते तुमचे तुकडे काढा बघू. आज कोणाला पाळी नाय."

मी नियम सांगितला. तरी नानांनी आपला दुसरा ठोकळा आपल्याच पहिल्यावर ठेवला. "नाना, तसं नाही," मी म्हणालो. "स्वतःच्या ठोकळ्यावर नाही ठेवायचा."

नानांनी ठोकळा उचलला, माझ्याकडे पाहिलं.

"मगे इतके दिस एकटो काय करी होतस?"

नानांनी तो ठोकळा माझ्या ठोकळ्यावर ठेवला आणि म्हणाले, "चल, आता तुझो."

मग सगळे गोळा झाले. "श्वास सोडू नको मेल्या!" "त्याका आधार दी रे!" मनोरा छातीइतका चढला आणि माझ्याच हातून कोसळला.

"पाडलान! बी.ए.नं पाडलान!"

"हात हा काय मागाचो धोटो? सारखो धावता!" नाना ओरडले. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर दिवसभर मला कुणी साहेब म्हटलं नाही.

गिरण्या सुरू झाल्या, पाळ्या पुन्हा वेगळ्या झाल्या. मग नानांनी भिंतीवरची एक फळी मोकळी केली. ज्याची पाळी सुटेल त्याने येऊन कुणाच्या तरी ठोकळ्यावर आपला ठेवायचा आणि झोपायचं. कचेरीतून आलो की मी आधी फळी बघे.

त्या आठवड्यात मी आत्याला पत्र लिहिलं.

"ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी कळवलेल्या मास्तरच्या जागेसाठी मी अर्ज करणार नाही. तू वाट बघत असशील, वाईट वाटून घेऊ नकोस. इथे मला आपला खेळ खेळायला माणसं मिळाली आहेत, खोलीभर. नियम तुझाच ठेवला आहे. मी गेल्यापासून तू कुणाबरोबर खेळतेस? बाबांना तर वेळ नसणार. नाना शिमग्याला गावी येत आहेत. परतताना त्यांच्याबरोबर तू ये, महिनाभर तरी राहा. खाणावळवाल्या काकूंकडे तुझ्या निजण्याची सोय केली आहे. बाबा नको म्हणाले, तर मी बोलावलंय म्हणून सांग. येताना फणसाच्या लाकडाचे थोडे तुकडे आण. इथे सगळं सागवानच मिळतं.

तुझाच."