आधी हात उघडतो

मंडळाच्या अंकासाठी सैनिकी आठवणी लिहून द्याव्यात, अशी विनंती मला करण्यात आली. वाचकांना बर्फ, बंदूक आणि शत्रू अपेक्षित असणार. त्यांपैकी बर्फ मिळेल. मी सैन्यात खेचरे हाकली. शिवाय ही आठवण पूर्ण होण्यासाठी मला एका जर्मन सिनेनटाची गरज लागली, म्हणून त्याच्याविषयीही लिहिणार आहे. संपादकांनी तो भाग कापू नये. कापायचाच असल्यास कारण लेखी द्यावे.

आमची ॲनिमल ट्रान्सपोर्ट कंपनी उत्तरेच्या डोंगरात तैनात होती. रस्ता संपतो तिथे ट्रक थांबतो. तिथून पुढे पीठ, रॉकेल, दारूगोळा आणि टपाल खेचराच्या पाठीवरून वर जाते. एका खेचरामागे एक हँडलर, त्याच्या हातात लीड रोप. मी तेव्हा हवालदार होतो. नाईक दत्ताराम साळुंखे माझ्या सेक्शनमध्ये होता. कोयनेकडचा. बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते बहुतेक खेचराशी. त्याच्याकडे एक मादी खेचर होती. तिच्या खुरावर नंबर डागलेला होता आणि सरकारच्या लेखी तेवढीच तिची ओळख होती. दत्ताराम तिला बाय म्हणत असे.

"बाय, दमानं. म्होरं वळण हाय."

"नाईक, ती मराठी समजते का?" मी एकदा विचारले.

"हिंदी समजत न्हाई, येवढं नक्की."

निघण्यापूर्वी रोज फॉल-इन होई, सगळे रांगेत उभे राहत, आणि मी स्टँडिंग ऑर्डर म्हणून घेत असे.

"जानवर फिसला तो?"

"रस्सी छोड दो."

त्या सकाळी बर्फ थांबून उघडीप झाली होती. अरुंद वळणावर पाण्याचा ओघळ गोठून काचेसारखा झाला होता. दत्ताराम पुढे होता, मी सर्वांत मागे. बायचा मागचा पाय सुटला. मी ओरडलो, "छोड!" त्याला ते ऐकू गेले होते, कारण त्याने माझ्याकडे वळून पाहिले. दोर हातातच होता. पुढच्या क्षणी वळणावर दोघेही नव्हते.

मी रेडिओ सेट हातात घेतला.

"कंट्रोल, ॲनिमल डाऊन. ओव्हर."

"हँडलर?"

"हँडलर साथ में."

"से अगेन."

"हँडलर साथ में. ओव्हर."

दुपारी तो खाली नाल्यात सापडला. दोर मुठीत होता. डॉक्टरसाहेबांना ती मूठ एकेक बोट करून सोडवावी लागली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. निष्कर्ष असा निघाला: स्टँडिंग ऑर्डरचे उल्लंघन, मृत्यूस स्वतःचा निष्काळजीपणा कारणीभूत. 'निष्काळजीपणा' या एका शब्दामुळे कंपनीच्या गेटजवळच्या शिळेवर त्याचे नाव कोरले गेले नाही. कर्तव्यावर गेलेल्या सर्वांची नावे तिथे आहेत. त्याचे नाही.

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो, तोवर या प्रकरणी अर्ज करीत होतो. निवृत्तीनंतरही करीत राहिलो. दरवेळी उत्तर एकच: नवीन पुरावा नसल्याने फेरविचाराचे कारण दिसत नाही. खुर्चीवर बसून निष्काळजी हा शब्द लिहायला फार काळजी लागत नाही. हे वाक्यही मी एका अर्जात लिहिले होते. त्याला उत्तर आले नाही.

दत्तारामची पत्नी सुशीलावहिनी यांनी मला एकदाच विचारले होते, "भावजी, हुकूम मोडला म्हंजी नेमकं काय केलं त्यांनी?"

त्या रात्री मी पुढचा अर्ज लिहायला घेतला.

आता जर्मनी. माझा मुलगा त्सुफेनहाउझेनला मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. पत्नीच्या पश्चात मी त्याच्याकडे राहतो. या भागात केअरवोखे नावाची शिस्त आहे. सामाईक जिना दर आठवड्याला एकेका घराने झाडायचा. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी लटकते. शिस्त मला मान्य आहे. परंतु एकदा पाटी आमच्या दारावर एक आठवडा आधी लागली. मी हाउसऑर्डनुंगमधील, म्हणजे इमारतीच्या नियमावलीतील, संबंधित कलमाचा उल्लेख करून खालच्या मजल्यावरील रहिवाशास पत्र दिले. संध्याकाळी तो स्वतः वर आला. ऐंशी ओलांडलेला, उंच, एका पायाने लंगडणारा. हातात माझे पत्र. माझी सून मुग्धा मध्ये उभी राहून भाषांतर करू लागली.

"बाबा, ते म्हणतात, इतक्या वर्षांत त्यांना कलम घालून कोणी पत्र लिहिलं नव्हतं. फार आवडलं. फ्रेम करून लावणार आहेत."

"आणि पाटी?"

"जिना तुम्हीच झाडा म्हणतात."

हे आर्नो हेस्लिंग. त्यांच्या घरातल्या भिंतीवर फोटो होते. एकात काउबॉय, एकात दरोडेखोर, एकात टोळीचा सरदार, आणि सर्वांचा चेहरा एकच. कोपऱ्यातल्या एका फोटोत मात्र वीस वर्षांचा सैनिक होता, शेजारी खेचर. मी त्या फोटोसमोर थांबलो. आर्नोंनी माझ्याकडे पाहिले आणि दोर धरल्यासारखी मूठ पुढे केली. भाषांतराची गरज पडली नाही.

त्यांची हकिकत मी अनेक दुपारी ऐकली. पर्वतीय दलात खेचरे सांभाळून सुटल्यावर गावात काम नव्हते. त्या काळी जर्मन कंपन्या युगोस्लाव्हियाच्या खडकाळ डोंगरांत वेस्टर्न चित्रपट काढीत. त्यांना नट मुबलक मिळत. घोड्यावरून पडू शकणारी माणसे मिळत नसत. आर्नो गेले आणि पडले. उन्हाळाभर पडत राहिले. एका चित्रपटात त्यांनी शेरिफचा माणूस म्हणून गोळी झाडली आणि पुढच्याच दृश्यात दरोडेखोर म्हणून तीच गोळी खाल्ली.

"स्वतःला मारून दोन पगार घेणारा मी एकटाच," ते म्हणाले.

पुढे संवाद मिळाले, नाव पडद्यावर आले. एकदा नायकही झाले. पोस्टरवर घोडा मोठा होता आणि हे लहान. मग वेस्टर्नची लाट ओसरली. दूरचित्रवाणीवरच्या पोलिसी मालिकांत त्यांनी प्रेते केली. शेवटी एका जुन्या दगडखाणीत उघड्यावरचा रंगमंच उभा राहिला आणि पुढची सारी वर्षे ते दर उन्हाळ्यात तिथे, सहकुटुंब आलेल्या प्रेक्षकांसमोर, मरत आले. आता ते तरुणांना पडायला शिकवतात. मी आयुष्यात सेनापती पाहिले आहेत. इतक्या शांतपणे इतक्या वेळा मातीत गेलेला माणूस पाहिला नव्हता.

एका दुपारी मी त्यांना दत्तारामविषयी सांगितले. मुग्धाने भाषांतर केले. आर्नोंनी एकच प्रश्न विचारला.

"त्याच्या हाताला कोणी शिकवलं होतं?"

"ऑर्डर होती. रोज म्हणून घेत होतो."

"ती कानाला कळली. हाताचं विचारतोय मी."

मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिले.

"आल्झो, तर मग, हेर सुबेदार. शनिवारी खाणीत या."

मुग्धाला घेऊन खाणीत गेलो. खेळ नव्हता, प्रेक्षक नव्हते. एका कोपऱ्यात लाकडाचा भुसा गुडघाभर पसरला होता. आर्नोंनी मला त्यात उभे केले आणि हातात लीड रोप दिला. दुसऱ्या टोकाला एक म्हातारी घोडी होती, तिच्यापाशी तिला सांभाळणारी बाई.

"ऑर्डर काय आहे?" आर्नोंनी विचारले.

"जनावर घसरले तर दोर सोडावा."

"गेनाऊ, बरोबर. तेवढंच करा."

माझ्या नकळत बाईंनी घोडीला इशारा केला. दोराला हिसका बसला. मी तोंडाने "छोड" म्हणालो, ते मला ऐकू आले. माझी मूठ आवळली गेली. मी भुशात गुडघ्यांवर आलो.

"पुन्हा," मी म्हणालो.

पुन्हा तेच झाले. तिसऱ्यांदा हिसका बसणार हे मला ठाऊक होते, केव्हा तेही कळले होते, आणि तरी मूठ आवळली. ज्या माणसाने ती ऑर्डर हजार वेळा म्हणून घेतली, त्याचा हात.

मग आर्नो घोडीवर बसले. चढताना कोणाचाही आधार घेतला नाही. घोडी धावत आली, बंदुकीचा बार झाला आणि ते बाजूला कलंडून भुशात गेले. मी फक्त त्यांच्या हाताकडे पाहत होतो. बार होण्याआधीच लगाम बोटांतून निसटला होता. शरीर अजून खोगिरावर, चेहरा अजून संतापलेला, आणि हात मात्र उघडा, झोपलेल्या माणसाच्या हातासारखा.

ते उठून कपडे झटकत आले. "आधी हात उघडतो. मग माणूस पडतो. हे यायला मला दोन उन्हाळे लागले. गादीवर, रोज. घसरल्यावर धरणं हे आपण आईच्या पोटातून शिकून येतो. ते विसरायला शिकवावं लागतं. तुमच्या माणसाला कोणी शिकवलं नाही. मग त्यानं मोडलं काय?"

इतकी वर्षे मी ज्या पुराव्यासाठी भांडत होतो, तो त्या भुशात उभा होता आणि लंगडत होता.

मुग्धाने तिन्ही वेळा माझ्या मुठीचे फोनवर चित्रण केले होते. आर्नोंनी शपथेवर निवेदन दिले. व्यवसायाच्या रकान्यात त्यांना 'पडणारा' असे लिहायचे होते. मी ते अमान्य केले. थोडा वाद झाला. शेवटी 'अभिनेता, घोड्यावरून पडण्याचा प्रशिक्षक' यावर तडजोड झाली. अर्जात मी प्रथमच एकही कठोर वाक्य लिहिले नाही. गरज उरली नव्हती.

अर्ज रवाना झाल्यावर हंगामाचा शेवटचा रविवार आला. त्या खाणीतली प्रथा अशी: खेळ संपला की मेलेले सगळे उठतात. कर्ण्यावरून एकेकाचे खरे नाव पुकारले जाते. तो खडकाआडून बाहेर येतो, रिंगणात फेरी मारतो, लोक टाळ्या वाजवतात. त्या दिवशी पुकारायला आर्नो स्वतः होते. सर्व नावे झाली. मग ते थांबले आणि कागदावर न पाहता म्हणाले, "नाईक दत्ताराम साळुंखे. इंडियन. आमच्यापैकीच, खेचरवाला."

साळुंखे त्यांना नीट म्हणता आले. नंतर कळले, मुग्धाकडून आठवडाभर घोकून घेतले होते.

टाळ्या सुरू झाल्या. खडकाआडून कोणी आले नाही. टाळ्या विरल्या. मग ती म्हातारी घोडी एकटीच आली, लीड रोप मानेवर मोकळा टाकलेला, आणि कोणी न धरता पूर्ण फेरी चालून गेली. लोक आपणहून उभे राहिले. आर्नोंनी हॅट काढली. माझ्या डोक्यावर टोपी नव्हती, आणि टोपीविना सॅल्यूट करता येत नाही. मी सावधान उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सुशीलावहिनींना फोन केला.

"वहिनी, तुम्ही विचारलं होतं. त्यांनी हुकूम मोडला नाही. हुकूम त्यांच्या हातापर्यंत पोचलाच नव्हता."



"म्हंजी बायला सोडलं न्हाई, येवढंच."

"एवढंच."

"मग बराबर हाय. तसेच हुते ते."

नवीन पुरावा दाखल करून घेतल्याची पोच मला मिळाली आहे. निर्णय अद्याप नाही. शिळेवर शेवटच्या नावाखाली एका ओळीची जागा मोकळी आहे. ती नाईक दत्ताराम साळुंखे यांची आहे. त्याखाली बायचेही नाव असावे, असे माझे मत आहे. जनावराचे नाव नियमात बसत नाही, असे मला सांगण्यात येते. ते नियम मी मागवले आहेत. वाचतो आहे.