कॅसेट नसलेला वॉकमन

सुरतेतल्या लिंबायतच्या कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट असा, की तिथले कावळेसुद्धा हातवाऱ्यांनी बोलत. कामगार तर एकमेकांचे ओठच वाचत. त्यांतलाच एक जण मला सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्ये भेटला. कानांवर वॉकमनचे हेडफोन, मान ठेक्यात हलणारी. उधन्यापासून नवापूरपर्यंत मी शिकारीच्या गप्पांत सात वाघ मारले, पण गडी खिडकीबाहेरच बघत होता. शेवटी मी त्याचा दंड हलवला.

"भाऊ, असं कोणतं गाणं आहे?"

त्याने माझे ओठ वाचले आणि वॉकमन उघडून दाखवला. आत कॅसेटच नव्हती.

"लूमनी कान खाई टाकात," तो म्हणाला. "पोर मांगेतून हाक मारस, माले ऐकू येत नही. हाई कानवर ऱ्हायनं म्हणजे तिले वाटस, बाप गाना ऐकी ऱ्हायना."

नंदुरबारला तो उतरला. त्याची सात-आठ वर्षांची पोर फलाटावर त्याच्या पाठीमागे होती. तिने हाक मारलीच नाही. धावत वळसा घालून समोर आली, मान वर केली आणि मगच सावकाश ओठ हलवले, "बापू."

"गाना ऐकत व्हतू, माय," तो म्हणाला.

पोरीने मान डोलावली. भुसावळपर्यंत माझ्याच्याने एक ससाही मारवला नाही.