पिंगळीच्या लग्नातली सनई

परभणीत आमचं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. जिकडंतिकडं कॅसेटी वाजायला लागल्या, तेव्हा यांनी जुना अॅम्प्लिफायर देऊन नवा, कॅसेटवाला आणला. आवाज खणखणीत. पण आमचा जुना रेकॉर्ड प्लेअर त्याला जोडला की कर्ण्यातून नुसती घूंऽऽ अशी घरघर.

"इकून टाकू," हे म्हणाले. "पिंगळी गावातलं लग्न झालं की जुन्या सामानाचा यापारी येणार हाय."

प्लेअर चालवायची मी, आणि तो मला विकायचा नव्हता. कारण साधं होतं. शेवटचं मंगलाष्टक संपून अक्षता पडल्या की त्याच क्षणी सनई लागते. आणि आमच्याकडं शेवटचं मंगलाष्टक कधीच शेवटचं नसतं. भटजी थांबले की कुणी तरी मामा माईक ओढतो. रेकॉर्डवरची सुई उचलता येते, पुन्हा त्याच जागी टेकवता येते. कॅसेटला एवढं कळत नाही.

प्लेअरची पिन नव्या अॅम्प्लिफायरच्या भोकात ढिली बसायची. मी ती तोडून वायर सोलली आणि काड्यापेटीच्या काड्या खोचून पक्की केली. घरघर तशीच. चाचपडताना प्लेअरच्या पत्र्यावर हात टेकला आणि घरघर गप्प. हात काढला, पुन्हा सुरू.

"मग बस लग्नभर हात लावून!" हे हसले.

पत्र्यापासून अॅम्प्लिफायरच्या स्क्रूपर्यंत मी एक तार ओढली. आवाज स्वच्छ झाला. तरी यांचा हट्ट कॅसेटचाच. लग्नाच्या दिवशी मांडवात मी प्लेअर जोडून, सनईची रेकॉर्ड लावून बाजूला बसले.

पिंगळीत भटजींचं शेवटचं "सावधान" झालं. यांनी बटण दाबलं, सनई जरा वाजते न वाजते तोच नवरीच्या मामांनी माईक धरला.

"थांबा थांबा! माझं एक ऱ्हायलंय!"

यांनी घाईत भलतंच बटण दाबलं आणि कॅसेट पुढं पळाली. मामांनी गळा ताणून मंगलाष्टक म्हटलं. ते संपताच कर्ण्यातून सनईऐवजी ढोलकीचा दणदणीत तोडा सुरू झाला. अंतरपाटामागं नवरी खुदकन हसली.

"ओ साउंडवाले," नवरदेवाचे वडील ओरडले, "लगीन हाय का तमाशा?"

यांनी कॅसेट बंद केली. तेवढ्यात नवरदेवाची आत्या पुढं झाली. "मामाचं झालं, आता माझं ऐका."

आत्याबाई निवांत गायल्या. मी अॅम्प्लिफायरचं बटण प्लेअरवर फिरवलं आणि सुई धरून बसले. त्यांचं "सावधान" संपलं, अक्षता उडाल्या, आणि मी सुई टेकवली. सनई अगदी वेळेवर लागली. घरघर नाही, काही नाही.

चार दिवसांनी व्यापारी आला. यांनी मानही वर केली नाही.

"न्हाई इकायचं. लग्नात कॅसेट चालत नसती. तुमाला काय कळतंय त्यातलं?"

मी व्यापाऱ्याला बसवलं, चहा दिला आणि त्याच्याकडं जुन्या प्लेअरच्या सुया आहेत का विचारलं. होत्या. दोन घेतल्या.